हजार विड्या आणि दहा वर्षं

२०२१ सालची गोष्ट. करोनाची दुसरी लाट नुकतीच ओसरली होती आणि आमच्या बचत गटाच्या बैठका पुन्हा चालू झाल्या होत्या. बैठक संपली, बायका चहा पिऊन गेल्या, तरी आक्का दारातच उभ्या. हातात प्लॅस्टिकची पिशवी, तिला वरून दोन रबर.

"ताई, मला अठ्ठावन्न पुरी झाली ओ. आता माझं पेन्शन कधी चालू होतंय, जरा बगा की."

आक्का म्हणजे आमच्या गल्लीच्या मागच्या बाजूला राहणाऱ्या. खरं नाव लिहीत नाही, सगळे आक्काच म्हणतात. सोलापूरच्या पूर्व भागात पन्नाशीच्या पुढची दर दुसरी बाई कुणाची तरी आक्का असतेच. नवरा गिरणीत होता. गिरणी बंद पडली आणि १९९८ च्या जूनमध्ये आक्कांनी विडी कारखान्याचं कार्ड घेतलं. त्या आधी जावेला हाताखाली मदत करायच्या, पण स्वतःच्या नावाचं कार्ड ते पहिलं.

पिशवीत सगळं होतं. कारखान्याचं कार्ड, फंडाच्या वर्षावर्षाच्या स्लिपा, आधारच्या चार झेरॉक्स, रेशनकार्ड. आणि तळाला एका घडी घातलेल्या फॉर्मची झेरॉक्स. तारीख ऑगस्ट २००७. खाली आक्कांचा अंगठ्याएवढा मोठा, वळणाचा तेलुगू सही. आणि वरचं सगळं अक्षर माझं.

फॉर्म मीच भरला होता. मी बी.ए. झालेली, मंडळाची सेक्रेटरी, गल्लीतल्या बायकांचे फॉर्म भरून देणं हे माझं आवडीचं काम. आक्कांच्या मोठ्या मुलीचं लग्न ठरलं होतं, पैसे हवे होते. कुणीतरी सांगितलं, कार्ड जमा केलं की फंड मिळतो आणि सहा महिन्यांनी पुन्हा कार्ड देतात. दोन फॉर्म होते. एक फंडाचा आणि दुसरा पेन्शनचा, त्याला फॉर्म १०-सी म्हणतात. त्या दुसऱ्या फॉर्मवर विचारलेलं असतं, पैसे हवेत की स्कीम सर्टिफिकेट हवं? मी आक्कांना विचारलंसुद्धा नाही. पैसेच हवेत की! खूण केली, सही घेतली, आणि वर 'झालं तुमचं काम' म्हणून चहा पाजला.

ती एक खूण आक्कांना केवढ्याला पडली, ते मला चौदा वर्षांनी कळलं. म्हणून हा लेख.

मैत्रिणींनो, आधी हे पेन्शन जमतं कसं, ते सांगते. आपल्यापैकी पुष्कळ जणींना वाटतं की पेन्शन म्हणजे सरकारी नोकरी. शाळामास्तरांना, एसटीच्या साहेबांना वगैरे. पण १६ नोव्हेंबर १९९५ पासून खासगी कारखान्यातल्या, फंड कापला जाणाऱ्या कामगारांसाठीही पेन्शन योजना आहे. त्यात मालकाच्या वाट्यातले मजुरीच्या ८.३३ टक्के पैसे पेन्शनच्या खात्यात जातात आणि केंद्र सरकार स्वतःचे १.१६ टक्के घालतं. कामगाराच्या मजुरीतून जी वर्गणी कापतात (विडीला ती १० टक्के), ती सगळी फंडात जाते, पेन्शनमध्ये त्यातला एक रुपयाही जात नाही. म्हणजे पेन्शनचा हक्क मिळतो तो पैसे भरून नव्हे, काम करून. आणि केलेलं काम लिहिलं जाऊन.

हे 'लिहिलं जाऊन' फार महत्त्वाचं आहे.

गिरणीत भोंगा होतो, ऑफिसात मस्टर असतं. विडीवालीचं घड्याळ म्हणजे हजार. हजार विड्या वळल्या की एवढी मजुरी. रात्री पान भिजत घालायचं, सकाळी पत्रा ठेवून कात्रीनं कापायचं, मांडीवर सूप घेऊन बसायचं, चिमटीनं तंबाखू भरायची, वळायचं, दोरा गुंडाळायचा. हजार विड्यांना कुणाला आठ तास लागतात, कुणाला बारा. मधे भाकरी, पाणी, पोरांची शाळा, सासऱ्यांचं औषध. तास कुणी मोजत नाही. दुसऱ्या दिवशी कारखान्यात जाऊन विड्या मोजून द्यायच्या, खराब म्हणून काढलेल्या सोडून उरलेल्या कार्डावर चढतात. त्या नोंदीवरून मजुरी, मजुरीवरून वर्गणी, वर्गणीवरून सेवेचा काळ. आक्कांच्या बोटांनी केलेली प्रत्येक विडी पेन्शनच्या दिशेनं एक पाऊल असते, पण ती कार्डावर चढली तरच.

आणि हे कार्डसुद्धा सहज मिळालेलं नाही, बरं का. विडी उद्योगाला फंडाचा कायदा लागू झाला १९७७ साली. मालक कोर्टात गेले. त्यांचं म्हणणं, या बायका घरी बसून विड्या वळतात, मनाला येईल तेव्हा वळतात, घरातल्या कुणाचीही मदत घेतात, या आमच्या कामगारच नव्हेत. सुप्रीम कोर्टानं सप्टेंबर १९८५ मध्ये ते अमान्य केलं. कोर्टानं काय बोट ठेवलं पाहा. खराब विडी नाकारण्याचा हक्क मालकाकडे आहे ना? मग कामावर देखरेखही त्याचीच, आणि घरी बसून वळणारी बाईही त्याचीच कामगार. ज्या नाकारलेल्या विड्यांवरून बायका रोज रडकुंडीला येतात, त्याच विड्यांनी त्यांना कामगार ठरवलं! मला हे वाचलं तेव्हा फार गंमत वाटली होती आणि थोडं भरूनही आलं होतं.

या सगळ्यामागे युनियन होती. लाल बावटा म्हटलं की आपल्याकडे काही घरांत अजून नाक मुरडतात. मीही पूर्वी मुरडत असे. पण कार्ड मिळालं नाही म्हणून कारखान्याच्या दारात बसणाऱ्या बायका त्याच. २००६ साली कुंभारीला विडी कामगार बायकांच्या दहा हजार घरांची वसाहत कॉम्रेड गोदूताई परुळेकरांच्या नावानं उभी राहिली, तीही त्यांच्याच रेट्यानं. राजकारण बाजूला ठेवा. एकटी बाई मुनीमजीला 'माझी नोंद दाखवा' म्हणू शकत नाही. वीस जणी म्हणू शकतात.

आता दहा वर्षांची गोष्ट.

पेन्शन कायमचं मिळायला किमान दहा वर्षांची सेवा लागते. त्यात सहा महिने किंवा त्याहून जास्त असलेला तुकडा पूर्ण वर्ष धरतात. म्हणजे साडेनऊ वर्षं झाली की दहा धरली. दहा पूर्ण होण्याआधी नोकरी सुटली तर दोन रस्ते. एक, पेन्शनच्या बदल्यात एकरकमी पैसे घ्यायचे आणि ती वर्षं पुसून टाकायची. दोन, स्कीम सर्टिफिकेट घ्यायचं. त्यावर तुमची किती वर्षं झाली ते लिहिलेलं असतं, पुढे दुसरीकडे कामाला लागलात की ती वर्षं त्यात जोडली जातात. कारखाना बदलला, गाव बदललं, विडी सोडून चादरीच्या कारखान्यात गेलात तरी चालतं. वर्षं तुमची, मालकाची नव्हेत.

आक्कांची २००७ च्या ऑगस्टमध्ये झाली होती नऊ वर्षं दोन महिने.

चार महिने! अजून फक्त चार महिने कार्ड चालू ठेवलं असतं तर साडेनऊ भरली असती, दहा धरली गेली असती, आणि मग पेन्शनचे पैसे काढायला मनात आणलं असतं तरी मिळाले नसते. त्यांना पेन्शनच मिळालं असतं.

त्या वेळी त्यांना पेन्शनच्या खात्याचे मिळाले तेरा हजारांच्या आसपास. याचं कोष्टक ठरलेलं आहे. जेवढी सेवा, त्यानुसार शेवटच्या मजुरीच्या ठरावीक पटीत पैसे. आक्कांची मजुरी तेव्हा महिन्याला चौदाशेच्या घरात होती. तेरा हजार तेव्हा मोठे वाटले. मांडववाल्याचे आणि आचाऱ्याचे पैसे त्यातून भागले, हे मला चांगलं आठवतं, कारण जेवायला मी होते.

आणि खरं सांगू? कार्ड जमा करायची गरजच नव्हती. मुलीच्या लग्नासाठी, नोकरी न सोडता, फंडातल्या स्वतःच्या वर्गणीतली निम्मी रक्कम काढायची सोय त्या वेळच्या नियमात होती. अट एकच, सभासद होऊन सात वर्षं झालेली असावीत. आक्कांची नऊ झाली होती. फंडातले पैसे मिळाले असते, पेन्शनला धक्का लागला नसता. पण ते ना आक्कांना माहीत, ना मला. मला माहीत असायला हवं होतं. फॉर्म भरायला बसणाऱ्यानं एवढं तरी विचारून यायला हवं.

मार्च २००८ मध्ये आक्कांना पुन्हा कार्ड मिळालं, पण नवं. नवी सुरुवात, शून्यापासून. सप्टेंबर २०१५ पर्यंत त्यांनी वळल्या. मग मान आणि डोळे दोन्ही गेले, बसवेना. ती झाली साडेसात वर्षं. २०१५ ला फंड काढला, पण पेन्शनला हात लावला नाही. माझ्याकडे आल्या तेव्हा हे त्यांनी मला मोठ्या अभिमानानं सांगितलं. "या टायमाला मी पेन्शन तसंच ठेवलंय ताई. मला समजलंय आता." मी त्यांच्या तोंडाकडे पाहू शकले नाही.

पहिली नऊ वर्षं दोन महिने आणि नंतरची साडेसात. एकत्र असती तर सोळा वर्षं आठ महिने, म्हणजे सतरा. पेन्शनचं गणित असं. शेवटच्या साठ महिन्यांच्या मजुरीची सरासरी, गुणिले वर्षं, भागिले सत्तर. समजा सरासरी साडेतीन हजार. सतरानं गुणलं, सत्तरनं भागलं, साडेआठशे रुपये. पण सप्टेंबर २०१४ पासून सरकारनं किमान एक हजार ठरवून दिलेत, म्हणून एक हजार. महिन्याला हजार, मरेपर्यंत. आणि त्यांच्या आधी नवरा वारला नाही तर त्यांच्यामागे नवऱ्यालाही काही.

हजार रुपयांत आज काय होतं, असं तुम्ही म्हणाल. काहीच होत नाही, हे मलाही दिसतं. हे किमान पेन्शन वाढवा म्हणून म्हातारे कामगार वर्षानुवर्षं मोर्चे काढताहेत, ते काही उगीच नाही. पण आक्कांच्या घरात हजार रुपये म्हणजे त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या, गुडघ्याचं तेल, आणि नातवाच्या हातावर ठेवायला दहा रुपये. कुणाला मागावं न लागता. आणि २००७ चे ते तेरा हजार? तेरा महिन्यांत फिटले असते.

आम्ही दोघी फंडाच्या ऑफिसात गेलो. तिथले साहेब भले होते, त्यांनी कॉम्प्युटरवर सगळं काढून दाखवलं. एकदा पैसे घेतलेली वर्षं परत जोडता येत नाहीत, म्हणाले. राहिलेली साडेसात वर्षं दहाला पुरत नाहीत, त्याचे एकरकमी पैसे घ्या. पुन्हा तोच फॉर्म १०-सी. पुन्हा माझंच अक्षर.

बाहेर आल्यावर मी आक्कांना सांगितलं, की तेव्हाची चूक माझी होती. त्या म्हणाल्या, "लग्न तर झालं न्हवं?" आणि रिक्षाला हात केला.

त्या दिवसापासून मी बायकांची कार्डं आणि स्लिपा बघायला लागले. गटातल्या, मग शेजारच्या गटातल्या. काय काय दिसलं म्हणून सांगू!

सगळ्यात जास्त दिसलं ते हे, की कार्ड एकीचं आणि हात दुसरीचे. सासूच्या नावाचं कार्ड असतं, तिला सुटेनासं झालं की सून वळते. घरातल्या घरात, त्यात काय एवढं? एका सुनेनं पंधरा वर्षं सासूच्या कार्डावर विड्या वळल्या. मजुरी घरातच यायची, त्यामुळे कधी प्रश्न पडला नाही. सासूबाईंना अठ्ठावन्नाव्या वर्षी पेन्शन लागलं, सगळ्यांना आनंद झाला. २०१९ ला सासूबाई गेल्या आणि पेन्शन थांबलं. सुनेच्या नावावर काय? काहीच नाही. पंधरा वर्षांत एक दिवसही तिनं काम केल्याची नोंद कुठं नाही. मान तिची वाकडी झाली, बोटं तिची काळी पडली, वर्षं मात्र सासूच्या खात्यात गेली. सासूबाई वाईट नव्हत्या हो. सुनेनं स्वतःचं कार्ड मागायला हवं, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. या एका गोष्टीवर मी हल्ली हळदीकुंकवात सुद्धा बोलते, बायका कंटाळल्या तरी चालेल.

दुसरं, नावं. माहेरचं नाव कार्डावर, सासरचं आधारवर. आडनावाचं स्पेलिंग प्रत्येक कागदावर निराळं. जन्मतारीख म्हणजे तर कारखान्यातल्या मुनीमजीच्या मर्जीची, बहुतेक सगळ्यांची एक जून! अठ्ठावन्नाव्या वर्षी हे उलगडायला बसलं की दोन वर्षं जातात. काम चालू असताना, मालक सही द्यायला समोर असताना, तेच काम दोन महिन्यांत होतं.

तिसरं, न भरलेले दिवस. तेंदूचं पान आलं नाही, माल उठत नाही, म्हणून आठवड्यातले दोन-तीन दिवस कामच मिळत नाही. (विडी वाईट, तंबाखूनं माणसं मरतात, हे मी जाणते. माझे स्वतःचे मामा त्यातच गेले. विडीचा खप कमी व्हावा असंच मलाही वाटतं. पण खप कमी होतो तेव्हा पहिली झळ वळणारीच्या सुपाला लागते, हेही तितकंच खरं.) ज्या दिवसांची मजुरी नाही, त्या दिवसांची वर्गणी नाही, आणि असे दिवस पेन्शनच्या गणितात सेवेतून वजा होतात. कागदावर सतरा वर्षं असली आणि दर वर्षी तीन-तीन महिने असे रिकामे लिहिलेले असले, तर चार वर्षांहून जास्त काळ गळून जातो. ते खरंच रिकामे होते की काम देऊन लिहिले नाही, हे फक्त त्या बाईलाच माहीत असतं. आणि तेही त्याच वर्षी. दहा वर्षांनी कुणाला आठवतंय?

माझी मावसबहीण न्यू जर्सीला असते. तिला फोनवर हे सांगत होते, तर ती म्हणाली, आमच्या शेजारी एक सुतार राहतो, त्यांच्या युनियनचं असंच असतं, फक्त तिथं तास मोजतात. मला उत्सुकता वाटली म्हणून तिला त्याच्याकडून नीट विचारून घ्यायला सांगितलं. तिथल्या बांधकामावरच्या सुताराला, गवंड्याला एक मालक नसतो. आज या ठेकेदाराकडे, चार महिन्यांनी दुसऱ्याकडे, हिवाळ्यात घरी. मग पेन्शन द्यायचं कुणी? तर युनियन आणि ठेकेदार मिळून एकच फंड असतो, विश्वस्त दोन्ही बाजूंचे सारखे. तसा त्यांचा १९४७ चा कायदाच आहे. हा कामगार ज्या ज्या ठेकेदाराकडे राबला, तो तो त्याचे तास त्या फंडाला कळवतो आणि तासामागे ठरलेले पैसे भरतो. मग १९७४ चा कायदा सांगतो, की तास मोजणाऱ्या योजनेत वर्षाला हजार तास भरले की हक्काचं एक वर्ष धरलंच पाहिजे. अशी पाच वर्षं झाली की साधारणपणे त्याचं पेन्शन पक्कं, मग तो काम सोडून गेला तरी ते बुडत नाही. वर्षात पाचशेच्या वर तास नसले तर ते वर्ष खंड म्हणून लिहिलं जातं. असे खंड ओळीनं साठले, तर पक्क्या न झालेल्या मागच्या वर्षांवरही पाणी पडू शकतं.

हजार तास आणि हजार विड्या! ऐकून मी हसलेच. तिथंही सगळं छान आहे असं मुळीच नाही. असे काही फंड डबघाईला आले होते, २०२१ मध्ये कायदा करून सरकारला त्यांना पैसे द्यावे लागले. पण मला आवडलं ते दुसरंच. बहीण म्हणाली, त्या सुताराच्या बायकोनं स्वयंपाकघरात एका डब्यात त्याच्या पगाराच्या चिठ्ठ्या ठेवलेल्या असतात. फंडाकडून तासांचा कागद आला की ती बसून जुळवते. एकदा एका ठेकेदारानं सहा आठवड्यांचे तास कळवलेच नव्हते, ते तिनंच पकडलं आणि युनियनच्या ऑफिसात नेऊन दाखवलं.

ती बाई स्वतः कुठं नोकरीला नाही. आपल्यासारखीच.

म्हणून ज्या मैत्रिणी म्हणतील, की आम्ही कुठं विड्या वळतो, आमचा काय संबंध, त्यांच्यासाठी दोन शब्द. तुमचे मालक एमआयडीसीत असतील, यंत्रमागावर असतील, सूतगिरणीत असतील. फंड कापला जात असेल तर हीच योजना त्यांनाही. साखर कारखान्यात हंगामी असतील तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. हंगामी कामगाराचा हंगाम पाच महिन्यांचा असला तरी दहा वर्षांच्या पात्रतेसाठी तो पूर्ण वर्ष धरायचा, असं योजनेत लिहिलेलं आहे. कितीतरी घरांत 'आमचं कुठं दहा वर्षं होतंय' म्हणून पैसे काढून टाकलेले मी पाहिलेत.

आणि दुसरं जरा कटू आहे, पण सांगते. नोकरीत असताना माणूस गेला तर विधवेच्या पेन्शनला दहा वर्षांची अट नाही. एक महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी तिला पेन्शन मिळतं. शिवाय पंचवीस वर्षांखालच्या दोन मुलांना वेगळं. आमच्या भागात एक तरुण मुलगा कामावर लागून सात महिन्यांत अपघातात गेला. त्याची बायको बावीस वर्षांची. दीर म्हणाले, एवढ्याशा नोकरीचं काय मिळणार, आणि कागद जाळायला निघाले होते. तिनं माझ्याकडे आणून दिले. आज तिला दर महिन्याला पेन्शन येतं, तिच्या स्वतःच्या खात्यात.

कागद कुठले जपायचे, असं बायका नेहमी विचारतात. मी म्हणते, कारखान्याचं कार्ड किंवा पगाराची चिठ्ठी, वर्षाची फंडाची स्लिप, आणि युनियनची पावती. आता बारा आकडी यूएएन नंबर आलाय, मोबाईलवर पासबुक दिसतं, शाळेत जाणारी पोरगी दोन मिनिटांत काढून देते. त्यात फंडाचा रकाना वेगळा आणि पेन्शनचा वेगळा असतो. बायका फंडाचा आकडा बघतात आणि मोबाईल बंद करतात. पेन्शनच्या रकान्यात महिनोमहिने आकडा पडतोय का, ते बघा. मजुरीतून वर्गणी कापली आणि मालकानं भरलीच नाही, तर तो गुन्हा आहे, आणि त्या काळाची सेवा तुमचीच राहते, कारण योजनेत 'आलेली किंवा येणे असलेली' वर्गणी असं म्हटलंय. पण तुम्ही काम केलं हे दाखवायला ती चिठ्ठी हवीच.

पन्नाशीनंतर लवकर पेन्शन घेता येतं, पण अठ्ठावन्नाच्या जेवढी वर्षं आधी घ्याल तेवढ्या वर्षांना प्रत्येकी चार टक्के कायमचे कमी. आमच्या गटातल्या एका मावशींनी आधी चादरीच्या कारखान्यात सहा वर्षं काढली, मग विडीत आल्या. त्यांच्याकडे ते स्कीम सर्टिफिकेट होतं, कारण चादरीच्या कारखान्यातल्या युनियनच्या बाईंनी त्यांना दमच दिला होता, 'पैसे काढलेस तर बघ'. विडीतली सात वर्षं त्यात जोडली गेली. एकावन्नाव्या वर्षी त्या लवकर घ्यायला निघाल्या होत्या, मी थांबवलं, आणि गेल्या वर्षी त्यांचा १०-डी फॉर्म आम्ही भरला. हयातीच्या दाखल्याला त्यांच्या बोटांचा ठसाच मशीन घेईना. इतक्या वर्षांत पानं आणि दोरा यांनी रेघा झिजवून टाकलेल्या. शेवटी चेहरा दाखवून काम झालं.

आक्कांच्या त्या शेवटच्या पैशातून त्यांनी सुनेला शिलाई मशीन घेऊन दिलं. पण सून मशीनवर बसली नाही, ती टॉवेलच्या कारखान्यात शिवणाला लागली, कारण तिथं फंड कापतात. आक्कांनीच तिला तिथं धाडलं. दर वर्षी स्लिप काढून आली की आक्का ती पदरात गुंडाळून माझ्याकडे घेऊन येतात. वाचता येत नाही, पण कुठल्या रकान्यावर बोट ठेवायचं ते आता त्यांना पाठ आहे. यंदा मार्च महिना रिकामा होता. त्यांनी बोट तिथंच ठेवलं आणि म्हणाल्या, "हे काय ओ ताई? मार्चमध्ये तर ती रोज गेलती."

चौकशी केली. भरायचं राहून गेलं होतं. जूनमध्ये भरलं.